रसायनशास्त्र घेऊन पुढे काय?

मे महिन्यात बारावीचे निकाल लागतात आणि आपल्या सुरतेतील मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. ज्यांना वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले ते पेढे वाटतात. ज्यांना इंजिनिअरिंगची मनाजोगती शाखा मिळाली ते सत्यनारायण घालतात. उरलेल्यांपैकी कोणी ‘मी बी. एस्सी.ला केमिस्ट्री घेतो’ म्हणाले की घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. ‘चला, काहीतरी तर घेतले!’ असा त्या गप्प बसण्याचा अर्थ असतो.

हा भाव आम्ही गेली पन्नास वर्षे पाहात आलो आहोत. १९७४ साली दक्षिण गुजरात विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी आम्ही घरी आणली, तेव्हा आमच्या आत्याबाईंनी कौतुकाने विचारले होते, ‘‘म्हणजे आता तू औषधाचे दुकान काढणार ना रे?’’ त्यानंतर जवळजवळ चार दशके आम्ही रंगखात्यांत आणि प्रयोगशाळांत काढली. त्या विद्यापीठाला २००४ साली वीर नर्मदांचे नाव मिळाले, आत्याबाई केव्हाच निवर्तल्या. प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. औषधाचे दुकान नाही, तर मग रसायनशास्त्र घेऊन पुढे काय? या प्रश्नाचे आमच्या परीने उत्तर आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम आपल्या गावाकडेच पाहावे. सुरत म्हटले की बाहेरच्या माणसाला कापड आणि हिरे आठवतात, आणि महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली केलेली स्वारी आठवते. पण या शहराची चूल ज्यावर पेटते ते बहुतेक सारे रसायनशास्त्रच आहे. पांडेसरा आणि सचिन येथील कारखान्यांत रोज जे लाखो मीटर पॉलिएस्टर रंगते, ते साध्या उकळत्या पाण्यात रंगत नाही. हा धागा पाण्याला सहजासहजी आत घेत नाही. त्यासाठी बंद यंत्रात दाबाखाली १३० अंशांपर्यंत पाणी तापवावे लागते, तेव्हा कोठे धाग्याची वीण सैल होते आणि रंगाचे कण आत शिरतात. साडीचा पोत रेशमासारखा मऊ पडावा म्हणून त्याच पॉलिएस्टरला कॉस्टिक सोड्यात शिजवून त्याचे वजन मुद्दाम घटवतात. वजन किती घटवावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे ज्याला कळते तो केमिस्ट. ज्याला कळत नाही त्याच्या हाती ताक्याऐवजी चिंध्या येतात.

जरीचेही तेच. आपल्या मुलीच्या लग्नात येवल्याची पैठणी घेताना आपण पदरावरचे मोर पाहतो; त्या मोरांची जर बहुधा सुरतेतच तयार झालेली असते, याचा आपल्याला विसर पडतो. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढवितात, आणि तो चढविण्याचे काम विजेचा प्रवाह व क्षारांचे द्रावण करतात. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे येते. खरे-खोटे ओळखावयाचे ते शेवटी रसायनाच्या कसोटीनेच. आणि हिरा? हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हे शाळेत पाठ केलेले वाक्य अलीकडे सुरतेत अक्षरशः कारखान्यांत उतरले आहे. मिथेन आणि हायड्रोजन हे वायू निर्वात पेटीत तापवून, त्यांतील कार्बन एका पातळ हिऱ्याच्या बीजावर थरांमागून थर बसवीत येथे हिरे ‘पिकविले’ जातात. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या हिऱ्यांना पैलू पाडले गेले, तेथेच आता हिरा जन्मास येतो, आणि त्याच्या सुइणीचे काम रसायनशास्त्राकडे आहे.

या गावाने या विद्येला एक मोठा माणूसही दिला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेतच झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास कलाभवन उभे राहिले, त्यामागे गज्जरांचीच दृष्टी होती. रंगविद्या आणि इतर कला विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत शिकविल्या जाव्यात, हा त्यांचा आग्रह. पुढे १९४९ साली हे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा झाले. गज्जरांच्या आयुष्यातील एक प्रसंग तर मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. मुंबईत राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. तो बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिलेला. १८९६ साली दामोदरपंत चापेकरांनी त्याला काळे फासले. ते काळे काही केल्या निघेना, सरकारने नेमलेल्या जाणकारांनी हात टेकले. शेवटी गज्जरांनी रासायनिक प्रक्रियेने तो डाग काढला आणि त्यांचे नाव देशाबाहेर गेले. पुतळा देणारा मराठी, काळे फासणारा मराठी, आणि ते काढणारा सुरतेचा! इतिहासाच्या मनात कोणाची बाजू घ्यावयाची होती, हे सांगणे कठीण आहे. चापेकरांच्या पराक्रमाने आमचा ऊर भरून येतो हे खरे. परंतु संगमरवराच्या रंध्रांत मुरलेला डाग दगडाला धक्का न लावता काढणाऱ्या हातांनाही आम्ही मनोमन नमस्कार करतो. याच गज्जरांच्या प्रेरणेने, कोटीभास्कर हे त्यांचे मराठी शिष्य आणि भाईलाल अमीन यांच्या खटपटीने १९०७ साली बडोद्यास ॲलेंबिक कंपनी निघाली. गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून उभे केलेले ते काम आजही चालू आहे.

आता शिक्षणाविषयी. आमच्या वेळी तीन वर्षांत पदवी मिळे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवीही घेता येते. पुस्तके बदलली, प्रश्नपत्रिका बदलल्या. पण या विषयाचा गाभा प्रयोगशाळेत आहे, तो बदललेला नाही. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडीत असताना एका थेंबाने सारे द्रावण गुलाबी होते. तो थेंब ओळखता आला पाहिजे, आणि तीन वेळा केलेल्या मोजणीत तीन वेगळे आकडे आले तर ते तसेच वहीत लिहिता आले पाहिजेत. आमचे एक प्राध्यापक म्हणत, ‘‘उत्तर चुकले तर मी पाच गुण कापीन, उत्तर ‘जमविले’ तर तुला प्रयोगशाळेबाहेर काढीन.’’ तेव्हा आम्हांस तो कडकपणा वाटे. नोकरीत शिरल्यावर कळले की साऱ्या अभ्यासक्रमातील तेच सर्वांत उपयोगी वाक्य होते.

क्षारांच्या पृथक्करणाचे तास तर विसरता येत नाहीत. कोपऱ्यात किपचे उपकरण असे. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघे आणि साऱ्या इमारतीला नासक्या अंड्यांचा वास येई. तो वायू द्रावणात सोडला की कॅडमियमचा पिवळाधमक साका खाली बसे, अँटिमनीचा नारिंगी, शिशाचा काळा. घरी गेल्यावर आई दारातच सांगे, ‘‘आधी अंघोळ, मग ताट.’’ हा वायू विषारी आहे, हे आम्हांस तोंडपाठ होते. त्याची आणखी एक खोड आहे, तीही पुस्तकात होती. वायूचे प्रमाण वाढले की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते, आणि नेमका तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. पदवीनंतर काही वर्षांनी आम्ही एका रंगखात्यात केमिस्ट होतो. तेथे सुती कापड गंधकी रंगांनी काळे करीत. हे रंग विरघळविण्यासाठी सोडियम सल्फाइड लागते. त्याच कारखान्यात दुसरीकडे आम्लाचा वापर होई. दोन्हींचे सांडपाणी वेगवेगळ्या नळांनी जावयास हवे होते. खर्च वाचावा म्हणून ते एकाच टाकीत सोडलेले होते. सल्फाइडला आम्ल भेटले की काय निघते, हे किपच्या उपकरणाशेजारी उभा राहिलेला कोणताही विद्यार्थी सांगेल. आम्ही तसे लेखी कळविले. कागदावर पोच मिळाली आणि तो फाइलीत गेला. दोन महिन्यांनी टाकीतला गाळ काढण्यासाठी एक मजूर आत उतरला आणि कोसळला. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला. दुसरा वाचला, पहिला गेला. नंदुरबारकडचा, जेमतेम पंचविशीचा. तापी खोऱ्याच्या गाडीने पोटासाठी सुरतेस आलेल्या हजारोंपैकी एक.

त्या रात्री आम्हांस जे सुचले ते आजही मनातून जात नाही. पांढरा कोट घालून पिपेट धरणारे आम्ही आणि टाकीत उतरणारा तो, दोघेही मराठीच बोलत होतो. आम्हांस त्या वायूचे सूत्र ठाऊक होते, त्याला नव्हते. इंग्रजीत लिहिलेला आमचा कागद वरच्या मजल्यावर गेला. टाकीच्या तोंडापाशी मराठीत चार शब्द लिहिलेली पाटी कोणीही लावली नव्हती. महिनाअखेरीस आम्ही ती नोकरी सोडली. पुढे जेथे जेथे काम केले तेथे रुजू होताना एकच अट घातली. धोक्याच्या पाट्या आम्ही लिहू, त्या कामगारांच्या भाषांत असतील, आणि वायूची तपासणी केल्यावाचून कोणीही टाकीत उतरणार नाही. दोन ठिकाणी ही अट ऐकून आम्हांस चहा पाजून परत पाठविण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी ती मान्य झाली आणि तेथे आम्ही एकवीस वर्षे काढली.

गेल्या वर्षी आमच्या नातीने बारावीनंतर रसायनशास्त्र घ्यावयाचे ठरविले तेव्हा घरात बराच वाद झाला. तिच्या वडिलांचे म्हणणे, संगणकाची विद्या घ्यावी, वातानुकूलित खोलीत बसावे. तिच्या आईला कारखान्यांची भीती. ती भीती खोटी आहे असे कसे म्हणावे? भोपाळ आम्हां सर्वांच्या आठवणीत आहे. आणि दूर कशाला, ६ जानेवारी २०२२ रोजी आपल्या सचिनमध्येच एका टँकरमधून चोरून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि जवळच्या कारखान्यातील सहा कामगार प्राणास मुकले. नात सारे ऐकून घेत होती. मग तिने आम्हांस विचारले, ‘‘आजोबा, तुमच्यासारखे शिकलेले लोक तिथे नसते, तर असे प्रसंग कमी झाले असते की जास्त?’’ तिच्या आईकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या सुनेने तेवढ्यावरच होकार दिला.

मुलींनी या वाटेने जावे का, असे अजूनही विचारणारे भेटतात. त्यांना आम्ही कमलाबाई सोहोनींची गोष्ट सांगतो. त्या पूर्वाश्रमीच्या भागवत, जन्म इंदूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातल्या. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, केवळ स्त्री म्हणून, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळविला, काम करून दाखविले आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परत आल्या. त्यांच्या पाठोपाठ त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. सोहोनीबाईंना जे तेव्हा झगडून मिळवावे लागले, ते आपल्या लेकींना आज घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळते.

आता पोटापाण्याचा हिशेब. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे आधीच सांगितलेले बरे. नुसत्या पदवीवर कारखान्यात पाळीचे काम मिळते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. अंगाला वास आणि नखांत रंग. पण वापी, अतुल, अंकलेश्वर, दहेज, हजिरा हा सारा पट्टा रसायनांचा आहे, आणि येथे शिकलेला माणूस सहसा रिकामा बसत नाही. कस्तुरभाई लालभाईंनी १९४७ साली वलसाडजवळ अतुल उभारले, त्यापूर्वी आपल्याकडचे बहुतेक सारे रंग परदेशांतून येत. आज परदेश आपल्याकडून घेतात. उत्पादनात जावयाचे नसेल तर तपासणीखाते आहे. औषधांच्या कंपन्यांत प्रत्येक घाणा यंत्रांवर तपासल्यावाचून बाहेर जात नाही. ती यंत्रे नीट चालविता येणाऱ्यास आणि त्यांवर उमटलेला आलेख वाचता येणाऱ्यास मान असतो.

रंगखात्याची ज्याला आवड असेल त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. रंगांधळेपणा असेल तर ही वाट आपली नव्हे. रंग जुळविण्याची नजर ही निराळीच विद्या आहे. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन तुकडे उन्हात नेले की भावंडांऐवजी परके वाटू लागतात. म्हणून जुने डाइंग मास्टर उत्तरेच्या खिडकीशी उभे राहूनच शेड पास करीत. हे काम आता यंत्रेही करतात. पण यंत्राने दिलेल्या कृतीवर शेवटची मान डोलावणारा माणूसच लागतो.

पुढे शिकावयाचे असेल त्यांनी एम. एस्सी. करावी. सेंद्रिय रसायनास आपल्या भागात मागणी मोठी, विश्लेषणात्मक रसायनासही. सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. आय. आय. टी.मध्ये एम. एस्सी.साठी जावयाचे तर ‘जॅम’ ही परीक्षा आहे. संशोधन करावेसे वाटले तर मुंबईच्या माटुंग्यास १९३३ साली स्थापन झालेली, आपण ज्या संस्थेला अजून यू. डी. सी. टी. म्हणतो ती आहे, आणि पुण्यास १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पुण्याच्या या प्रयोगशाळेचे संचालकपद बाळ दत्तात्रेय टिळकांनी बारा वर्षे सांभाळले. ते मुळात रंगांचेच रसायनज्ञ. ज्याला शिकविण्याची हौस असेल त्याने जरूर शिक्षक व्हावे. चांगल्या रसायनशिक्षकाची वाण आज जितकी आहे तितकी पूर्वी नव्हती. गुन्ह्यांच्या तपासात रस असणाऱ्यास गांधीनगरचे न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे.

आणि एक वाट आमच्या मनाला सर्वांत जवळची. ज्या १९७४ साली आम्हांस पदवी मिळाली, त्याच वर्षी संसदेने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा केला आणि गुजरातचे प्रदूषण नियंत्रण मंडळही त्याच वर्षी झाले. तेव्हा सांडपाण्याची तपासणी म्हणजे शिक्षेची बदली समजली जाई. आज तेच काम शहराच्या जिवाचे झाले आहे. सुरत महानगरपालिका २०१४ पासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देते; तेवढे तापीचे पाणी माणसांसाठी वाचते. या शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर नमुना घेणारा, आकडा काढणारा आणि तो खरा लिहिणारा माणूस लागतो. आकडा खरा लिहिणे हे ऐकावयास सोपे आहे. रात्री दोन वाजता, वरिष्ठांचा फोन आलेला असताना, ते तितके सोपे राहात नाही. प्रयोगवहीत ‘जमविलेले’ उत्तर ज्याने कधी लिहिले नाही, त्यालाच ते जमते.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी. मुलाला अथवा मुलीला गुण कमी पडले म्हणून रसायनशास्त्राकडे ढकलू नये. आणि गुण अधिक आहेत म्हणून तिकडून ओढूनही काढू नये. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. हाताने काम करावयास आवडते का? तेच तेच मोजमाप चौथ्यांदा करण्याचा कंटाळा तर येणार नाही ना? आणि आपल्याला जे कळले ते न कळणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगण्याची तयारी आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘हो’ आले तर नोकरी मिळेल. तिसऱ्याचेही आले तर त्या नोकरीचा कोणाला तरी उपयोग होईल.

आमची नात आता पहिल्या वर्षास आहे. तिच्या महाविद्यालयात किपचे उपकरण नाही. नासक्या अंड्यांचा वास तिला ठाऊक नाही. परवा आम्ही तिला जुन्या वहीतील सल्फाइडचे पान उघडून दाखविले आणि त्या वायूची ती खोड समजावून दिली. तिने ते आपल्या वहीत उतरून घेतले, मराठीत.